फ्रायडे ऑन माय माइंड (दूरचित्रवाणी मालिका)

‘द ईझीबीट्स’ या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या उमेदवारीच्या काळावरील दोन भागांची चरित्रपर मालिका. एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचे प्रसारण सुरू झाले. दिग्दर्शन मॅथ्यू सॅव्हिल यांचे, पटकथा ख्रिस्तोफर ली यांची. केरी पॅकर यांच्या क्रिकेटमधील बंडावरची ‘हाउझॅट!’ ही मालिकाही ली यांनीच लिहिली होती. मालिकेचे नाव बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावरून घेतले आहे.

कथेचे मूळ सिडनीच्या व्हिलावुड उपनगरातील स्थलांतरितांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. ब्रिटनमधील प्रौढांना अवघ्या १० पौंडांत तिकडे जाता येई. अर्थात हे दार गोऱ्यांसाठीच उघडे होते; ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणामुळे भारतीयांना तेथे स्थायिक होणे तेव्हा जवळपास अशक्यच होते. नव्याने आलेली कुटुंबे पत्र्याच्या अर्धगोल बराकींत राहत. तिथे ग्लासगोचा जॉर्ज यंग आणि नेदरलँड्सचे हॅरी व्हँडा व डिक डायमंड यांची गाठ पडली. लीड्सला जन्मलेला गायक स्टीव्ही राइट आणि लिव्हरपूलकडचा ड्रमवादक स्नोवी फ्लीट येऊन मिळाले आणि १९६४ मध्ये बँड उभा राहिला. ऑस्ट्रेलियन रॉकला जगात नाव मिळवून देणाऱ्या या पाचांपैकी एकाचाही जन्म ऑस्ट्रेलियात झालेला नव्हता, आणि मालिकेचे खरे मोल ही गोष्ट मध्यभागी ठेवण्यात आहे. व्हँडाला सुरुवातीला इंग्रजी बेताचेच येई, म्हणून आरंभीची बरीच गाणी राइट आणि यंग यांनी रचली. भाषा हाताशी आल्यावर व्हँडा–यंग ही जोडी जमली.

संगीतप्रकाशक घराण्यातील टेड आल्बर्ट यांनी या मुलांना हाताशी धरले. ही भूमिका ॲशली झुकरमन यांनी केली आहे. राइटच्या भूमिकेत ख्रिश्चन बायर्स, तर यंगच्या भूमिकेत विल रश आहेत. १९६५ मधील ‘शीज सो फाइन’ या गाण्याने देशभर ‘ईझीफीव्हर’ पसरला, कार्यक्रमांना किशोरवयीन मुलींची झुंबड उडू लागली.

१९६६ मध्ये बँड लंडनला गेला. ‘द किंक्स’ आणि ‘द हू’ यांच्या ध्वनिमुद्रिका करणारे शेल टाल्मी यांच्या हाताखाली ‘फ्रायडे ऑन माय माइंड’ मुद्रित झाले. सोमवारपासून शुक्रवारच्या संध्याकाळकडे डोळे लावून बसणाऱ्या कामगाराचे हे गाणे ऑस्ट्रेलियात पहिल्या, ब्रिटनमध्ये सहाव्या, तर अमेरिकेत सोळाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. डेव्हिड बोवी यांनी १९७३ मध्ये ते पुन्हा गायले आणि २००१ मध्ये संगीतकारांच्या ‘ॲप्रा’ या संस्थेने ते मागील ७५ वर्षांतील सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन गाणे ठरवले. कामगार वर्गाच्या पोटातून आलेले गाणे इतके दूर जावे, हे त्याच्या रचनाकारांचे यश.

मालिकेचा भर या चढत्या काळावर आहे. राइट यांचे २०१५ मध्ये, तर यंग यांचे प्रसारणाच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये निधन झाले. बँड १९६९ मध्ये मोडला होता. १९७३ मध्ये व्हँडा आणि यंग सिडनीला परतले आणि आल्बर्ट यांच्याच कंपनीत निर्माते म्हणून रुजू झाले. जॉर्जचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस यांच्या ‘एसी/डीसी’ या बँडचे पहिले अल्बम याच जोडीने घडवले.