तारांवर तोललेले मंगळवासी

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही मंगळवासीयांच्या आक्रमणाची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. पॅरामाउंट स्टुडिओने तिचे चित्रपट-हक्क १९२०च्या दशकात, सेसिल बी. डिमिल यांना डोळ्यांसमोर ठेवून घेतले. पण चित्रपटाला मुहूर्त लागला नाही. १९३८मध्ये ऑर्सन वेल्स यांनी ती रेडिओवर गाजवली, तरी स्टुडिओत हक्क नुसते पडून होते.

ते बाहेर काढले जॉर्ज पाल यांनी. हा मूळचा बाहुल्यांचा माणूस. चेहऱ्यावरचा भाव बदलायचा तर लाकडी डोकेच बदलायचे, अशा चिकाटीने पाल यांनी पॅरामाउंटसाठी ‘पपेटून्स’ लघुपट केले होते. दिग्दर्शनाला बायरन हॅस्किन आले, तेही पूर्वी वॉर्नर ब्रदर्सच्या स्पेशल इफेक्ट्स विभागाचे प्रमुख.

पटकथाकार बॅरे लिंडन यांनी कथा व्हिक्टोरियन इंग्लंडमधून थेट १९५०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात आणली. साम्राज्य मिरवणाऱ्या इंग्रजांना कादंबरीत एच. जी. वेल्स यांनी जिंकल्या जाणाऱ्यांच्या जागी उभे केले होते. आता अणुबॉम्बवर विसंबलेल्या अमेरिकेची पाळी होती. चित्रपटात तो बॉम्ब टाकला जातो, आणि धुरळ्यातून मंगळवासीयांची यंत्रे तशीच पुढे सरकतात. शेवट मात्र वेल्स यांचाच राहिला: साध्या जंतूंपुढे आक्रमक कोसळतात.

कादंबरीतली तीन पायांची यंत्रे कला-दिग्दर्शक अल नोझाकी यांनी तरंगती केली. पसरट, डौलदार, समुद्रातल्या मांटा रे माशासारखी. जपानी वंशाच्या नोझाकींना युद्धकाळात याच स्टुडिओने कामावरून काढले होते आणि मांझानारच्या नजरकैद छावणीत दिवस काढावे लागले होते. ते परतले आणि स्टुडिओला त्याचे सर्वांत लक्षात राहणारे यंत्र देऊन गेले. हे ऋण विसरता येणार नाही.

साडेतीन फूट व्यासाची तांब्याची तीन यंत्रे बारीक तारांवर टांगली गेली. पायांऐवजी विजेच्या ठिणग्या सोडून पाहिल्या, पण आगीच्या धोक्यामुळे तो नाद सोडावा लागला. किरणांसाठी वेल्डिंगची तार जाळून ठिणग्या उडवल्या. मंगळवासीयाची किंकाळी मायक्रोफोनवर कोरडा बर्फ घासून आणि एका बाईची किंकाळी उलटी वाजवून घडवली.

चित्रपट १९५३ साली झळकला. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख गॉर्डन जेनिंग्ज मात्र त्याच वर्षी जानेवारीत गेले. या कामाला मिळालेले ऑस्कर पाहायला ते नव्हते.

२०११मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत या चित्रपटाची नोंद झाली. मूळ टेक्निकलर प्रतींच्या मऊ रंगांत यंत्रांच्या तारा लपून जात. पुढच्या स्वच्छ प्रतींत त्या उघड्या पडल्या आणि २०१८च्या पुनरुज्जीवनात पुन्हा झाकल्या गेल्या. ते योग्यच झाले, कारण प्रेक्षकाने भ्यावे म्हणूनच यंत्रे टांगणाऱ्या हातांनी तारा इतक्या बारीक निवडल्या होत्या.