उद्योगसंस्थांचे सामाजिक दायित्व : चंद्रपूर व गडचिरोली

उद्योगसंस्थेने नफ्याव्यतिरिक्त कामगार, परिसरातील लोक व निसर्ग यांच्याविषयी पत्करावयाची जबाबदारी. ती केवळ चालकांच्या सदिच्छेवर अवलंबून नसते. त्या त्या देशाचे कायदे व शासनसंस्था तिचे स्वरूप ठरवितात. अमेरिकेत ती मुख्यतः ऐच्छिक देणग्यांच्या रूपाने वाढली. उलट पश्चिम जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर निम्म्या जागा कामगारपक्षास मिळाल्या. भारतातील स्थित्यंतर चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) येथील बांबूच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

बल्लारपूर येथील कागद गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. बांबू हा तिचा प्रमुख कच्चा माल. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचाही समावेश असल्याने वनांतील बांबूवर वनखात्याचे नियंत्रण होते व शासन दीर्घ मुदतीच्या करारांनी तो सवलतीच्या दरात गिरणीस देत असे. परिणामी गिरणीचे कायदेशीर देणे शासनापुरते राहिले. गावकऱ्यांचा निस्तार आणि बुरुडांचा व्यवसाय त्याच बांबूवर अवलंबून असूनही करारात त्यांना पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

वनहक्क अधिनियम, २००६ ने बांबूची गणना गौण वनोपजात करून त्यावरील ग्रामसमूहांचा स्वामित्वहक्क मान्य केला. त्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि वाहतूक परवान्याचा अधिकार वनखात्याकडेच असल्याने विक्री अडली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली व ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. कंपनी व गाव यांचे नाते त्यामुळे ग्राहक व विक्रेता असे होऊ शकले.

कंपनी अधिनियम, २०१३ (कलम १३५) अन्वये ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. स्थानिक क्षेत्रास प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. मात्र कामाची निवड संचालक मंडळ करते, तीस ग्रामसभेची संमती लागत नाही. शिवाय सरासरी नफा नसल्यास हे बंधनही उरत नाही. २०१५ पासून खाणपट्टेधारकांना स्वामित्वशुल्काच्या ठराविक हिश्शाइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. ती नफ्यावर अवलंबून नाही. कोळसा व लोहखनिज असलेल्या या जिल्ह्यांत हा भेद महत्त्वाचा ठरतो.