स्नेक प्लांट : कमी पाण्याचे, कमी लाडाचे झाड

शहरातील सदनिका, कार्यालयांचे स्वागतकक्ष, बँकांच्या शाखा, रुग्णालयांची प्रतीक्षालये अशा ठिकाणी एक झाड हमखास नजरेस पडते. मातीतून थेट वर आलेली, तलवारीच्या पात्यासारखी ताठ आणि जाड पाने, त्यांवर गडद व फिकट हिरव्या रंगाचे नागमोडी आडवे पट्टे आणि पुष्कळदा दोन्ही कडांना पिवळी किनार. रोपवाटिकांमध्ये हे झाड 'स्नेक प्लांट' या नावाने विकले जाते. 'सासूची जीभ' हे इंग्रजीवरून आलेले नावही काही बागप्रेमी कौतुकाने वापरतात. घायपाताशी त्याची गल्लत होते, परंतु घायपात अमेरिका खंडातले आणि हे झाड आफ्रिकेतले. न मरणारे झाड अशी त्याची ख्याती आहे. तरीही दर पावसाळ्यात गॅलरीतल्या अनेक कुंड्यांमधून ते कुजून जाते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा दुर्लक्ष नसून अतिकाळजी हेच असते.

या वनस्पतीचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय पश्चिम आफ्रिका. नायजेरियापासून पूर्वेकडे काँगोपर्यंतच्या पट्ट्यात ती निसर्गतः वाढते. मात्र तिला शास्त्रीय नाव मिळाले ते भारतात लिहिलेल्या ग्रंथातून. कोलकात्याजवळील शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे तत्कालीन अधीक्षक डेव्हिड प्रेन यांनी 1903 साली 'बेंगाल प्लांट्स' या ग्रंथात तिची नोंद 'सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा' अशी केली. आफ्रिकेतली वनस्पती बंगालच्या वनस्पतींच्या पुस्तकात शिरली, यावरून ती त्यापूर्वीच इथल्या बागांमध्ये रुळली होती हे उघड होते. पुढे जनुकीय अभ्यासातून सान्सेव्हिएरिया हा गट ड्रॅसिना या प्रजातीतच मोडतो असे दिसून आले, आणि 2017 साली या झाडाचे नाव 'ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा' असे झाले. रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजूनही जुनेच नाव आढळते. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

या गटाशी भारताचा आणखी एक जुना संबंध आहे. याच कुळातली एक जात भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे आढळते. तिच्या पानांतला चिवट धागा धनुष्याच्या प्रत्यंचेसाठी वापरीत, म्हणूनच इंग्रजीत या झाडांना 'धनुष्याच्या दोरीचा ताग' अशा अर्थाचे नाव पडले. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेची असावी असे सांगितले आहे. ती मूर्वा म्हणजे हीच वनस्पती असे अनेक अभ्यासक मानतात, परंतु आयुर्वेदातील मूर्वा नेमकी कोणती याविषयी मात्र एकमत नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या श्रद्धांमधून ब्राझीलमध्ये या पश्चिम आफ्रिकी झाडाला वेगळेच महत्त्व आले. तिथे त्याला 'संत जॉर्जची तलवार' म्हणतात, लोखंडाच्या आणि युद्धाच्या ओगुम या देवतेशी त्याचा संबंध जोडतात आणि घराच्या रक्षणासाठी ते दाराशी लावतात.

आता संगोपनाकडे. या झाडाची शरीररचना समजून घेतली तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. मातीखाली त्याचे आडवे वाढणारे जाड कंद असतात आणि पाने मांसल असतात. या दोन्हींमध्ये ते पाणी साठवून ठेवते. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तर हे झाड उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून रंध्रे मुख्यत्वे रात्री उघडते. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा उजेडात त्यापासून अन्न तयार होते. निवडुंग आणि अननस यांचीही हीच रीत आहे. अशा झाडाला तुळशीप्रमाणे रोज तांब्याभर पाणी घालणे म्हणजे त्याच्या मुळांना श्वास घेऊ न देणे.

पाणी किती दिवसांनी घालावे याचे ठाम वेळापत्रक नाही, कारण कुंडी, माती, वारा आणि उजेड यांनुसार ते बदलते. बांबूची बारीक काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाहावी. ती ओलसर माती लागून बाहेर आली तर पाणी घालू नये. काडी पूर्ण कोरडी निघाली तर मात्र तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावे. साधारणपणे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी पाणी पुरते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत घरातल्या कुंडीला महिनाभर पाणी दिले नाही तरी बिघडत नाही. पाणी मातीवर घालावे. पानांच्या मधल्या खोबणीत साचू देऊ नये, कारण तेथूनही कूज सुरू होते. जून उजाडण्यापूर्वी उघड्या गॅलरीतील कुंड्या छपराखाली किंवा खिडकीच्या आत घ्याव्यात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी तर झाडापेक्षा माणसांना अधिक धोक्याचे: डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ताटली न ठेवणे उत्तम, ठेवलीच तर पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी.

मातीचा प्रश्न शहरात विशेष बिकट होतो. पुण्या-मुंबईत पिशव्यांतून मिळणारी लाल माती बारीक आणि चिकट असते. काही महिन्यांत ती विटेसारखी घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली रोपेही सर्रास विकली जातात. ती दुकानात टवटवीत दिसतात, पण घरी आल्यावर कोकोपीटचा गोळा आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड धुतलेली वाळू किंवा बारीक विटांचे तुकडे आणि एक भाग गांडूळखत किंवा जुने कुजलेले शेणखत असे मिश्रण या झाडाला मानवते. वजनाची अडचण असेल तर वाळूऐवजी पर्लाइट वापरता येते. कुंडी मातीची, उथळ आणि रुंद असावी. उंच पाने असलेल्या जातींसाठी ती जडही असावी, अन्यथा वाऱ्याने कलंडते. कंद वाढू लागले की प्लास्टिकची कुंडी फुगते, कधी चक्क फुटते. झाडाने कुंडी फोडली तर काळजीचे कारण नाही, ते झाड सुखात असल्याचेच लक्षण आहे.

उजेडाबाबत बराच गैरसमज आहे. हे झाड अंधाऱ्या कोपऱ्यात तग धरते हे खरे, पण तग धरणे आणि वाढणे यांत फरक आहे. अंधारात ते साठवलेल्या अन्नावर महिनोन्महिने जगते, नवे पान काढत नाही आणि पाणी वापरत नसल्याने तिथेच कुजण्याची भीती सर्वाधिक असते. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, भरपूर पण अप्रत्यक्ष उजेडात ते उत्तम वाढते. सकाळचे कोवळे ऊन चालते. आतले झाड एकदम मे महिन्यातल्या पश्चिमेच्या उन्हात ठेवले तर मात्र पानांवर पांढुरके डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. जागा बदलायची ती हळूहळू बदलावी. खताची गरज फारच थोडी. वाढीच्या काळात दीड-दोन महिन्यांतून एकदा सौम्य प्रमाणात पातळ खत पुरेसे होते. धूळ बसलेली पाने ओल्या फडक्याने पुसावीत. चमक यावी म्हणून तेल लावण्याची पद्धत टाळावी.

नवी रोपे तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. कुंडी गच्च भरली की झाड बाहेर काढून, स्वच्छ सुरीने कंदाचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला किमान दोन-तीन पाने व थोडी मुळे राहतील अशी विभागणी करावी. हा खात्रीचा मार्ग. दुसरा मार्ग पानाच्या तुकड्यांचा. पान आडवे कापून चार-सहा इंचांचे तुकडे करावेत, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावेत आणि मग वाळूमिश्रित मातीत खोचावेत. तुकड्याची मूळची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटा लावलेला तुकडा रुजत नाही; म्हणून कापतानाच खालच्या टोकाला खूण करावी. मुळे फुटण्यास एक-दोन महिने आणि नवा कोंब वर येण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो.

पिवळ्या किनारीच्या जातीबाबत मात्र इथे अपेक्षाभंग होतो. एमिल लॉरां या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही 'लॉरेन्टी' जात दोन वेगवेगळ्या जनुकीय पेशीथरांची बनलेली असते. पानाच्या तुकड्यातून येणारा कोंब आतल्या हिरव्या पेशींपासून निघतो, त्यामुळे नवे रोप किनारीविना, साधे हिरवे येते. किनार हवी असेल तर कंदाची विभागणी हाच उपाय. घरट्यासारखी बुटकी 'हानी' ही जात 1939 साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या एका रोपवाटिकेत सापडली. छोट्या टेबलासाठी ती सोयीची आहे.

पाने बुडाशी मऊ पडून पिवळी होऊ लागली, हात लावताच कलंडू लागली किंवा मातीला कुबट वास आला तर कूज लागली असे समजावे. अशा वेळी पाणी बंद करून वाट पाहण्यात अर्थ नसतो. झाड उपटून सर्व माती झाडावी, तपकिरी व लिबलिबीत भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापून टाकावा, उरलेला कंद दोन-तीन दिवस सावलीत सुकवून नव्या कोरड्या मातीत लावावा आणि आठवडाभर पाणी देऊ नये. कंद पूर्ण गेला असेल तरी पानांचा वरचा निरोगी भाग रुजवता येतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढता येतो.

या झाडाच्या विक्रीत सर्वाधिक वापरला जाणारा दावा म्हणजे 'रात्री ऑक्सिजन देणारे झाड'. तो वैज्ञानिकदृष्ट्या टिकत नाही. ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याच्या रेणूचे विघटन होताना, आणि त्यासाठी प्रकाश लागतो. रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड आत घेते एवढेच खरे. ऑक्सिजन बाहेर पडतो तो दिवसाच. हवेतील विषारी वायू शोषण्याच्या दाव्यामागे नासाचा 1989 सालचा एक अहवाल आहे, पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. अशा अनेक प्रयोगांचा पुन्हा आढावा घेणाऱ्या 2019 मधील अभ्यासात असे आढळले, की खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या नैसर्गिक अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत 10 ते 1000 झाडे ठेवावी लागतील. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत औषधाऐवजी किंवा खिडकी उघडण्याऐवजी चार कुंड्या ठेवून निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे आहे. झाड ठेवावे ते सुंदर दिसते म्हणून.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर असावी. पानांमध्ये सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पान चावल्यास लाळ गळणे, उलट्या, जुलाब होऊ शकतात. प्राण्याने पान खाल्ल्याचे लक्षात आले तर पशुवैद्यकाला झाडाचे नाव सांगावे, म्हणजे उपचार सोपे होतात. थंडीही या झाडाला सोसत नाही. तापमान 10 अंशांखाली गेले की पानांवर पाणी भरल्यासारखे चट्टे येतात. नाशिक-निफाडकडच्या हिवाळ्यात रात्री कुंडी घरात घ्यावी लागते.

चांगला उजेड मिळालेल्या जुन्या झाडाला कधीतरी पानांच्या मधून एक दांडा येतो आणि त्यावर हिरवट पांढरी, बारीक पाकळ्यांची फुले लागतात. ती रात्री उमलतात आणि त्यांचा गोड वास खोलीभर पसरतो. ज्या कोंबाला फूल आले त्याला पुढे नवी पाने येत नाहीत, पण आहेत ती पाने वर्षानुवर्षे टिकतात आणि शेजारून नवे कोंब फुटत राहतात. तेव्हा फुलोरा सुकल्यावर फक्त दांडा कापावा, पानांना हात लावू नये.