‘असंतोषाचे जनक’ : एका इंग्रजी वर्णनाचा मराठी प्रवास

प्रस्तावना :

वीरपुरुषाचे वर्णन करणारा शब्द तटस्थ नसतो. तो कोणत्या सत्तेच्या बाजूने उच्चारला गेला, याची साक्ष त्या शब्दातच असते. १६६४ च्या सुरत स्वारीनंतर इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात छत्रपती शिवाजी महाराजांचा उल्लेख ‘बंडखोर’ असा होत असे. १६७४ मध्ये मुंबईहून रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झेंडनला मात्र त्याच पुरुषाला अभिषिक्त राजा म्हणून नजराणा द्यावा लागला. सत्तेचे वास्तव बदलले, तसे वर्णनही बदलले. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांच्याबाबतीत याहून वेगळी घटना घडली. इंग्रजांनी आपले वर्णन बदलले नाही. मराठी समाजाने ते स्वीकारून त्याचा अर्थ बदलला. प्रस्तुत निबंधात या अर्थांतराचा मुंबईच्या संदर्भात विचार केला आहे.

न्यायालयातील टिळक :

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. अफझलखानाचा वध नैतिकदृष्ट्या समर्थनीय होता काय, हा त्या भाषणांतील एक विषय होता. आठवड्याभरातच, २२ जून रोजी, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. या व्याख्येनुसार सरकारविषयी प्रेम नसणे हाच अपराध ठरत होता. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष मानले. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

याच काळात इंग्रजी भाषेत टिळकांचे दुसरेही एक वर्णन रूढ होते. ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथामुळे ते वेदकालाचे संशोधक म्हणून युरोपात परिचित झाले होते. ऑक्सफर्डचे मॅक्स म्यूलर, सर विल्यम हंटर प्रभृतींनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी त्यांची मुक्तता झाली. विद्वान आणि राजद्रोही ही दोन्ही वर्णने एकाच भाषेत, एकाच व्यक्तीविषयी आणि एकाच वेळी केली जात होती, ही बाब लक्षणीय आहे.

१९०८ च्या खटल्यात भाषेचा प्रश्न अधिक तीव्र झाला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे आक्षेपित लेख मराठीत होते. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी सदस्य असल्याने मूळ लेखांपेक्षा त्यांचे इंग्रजी भाषांतरच निर्णायक ठरणार होते. या भाषांतराच्या यथार्थतेवर टिळकांनी स्वतः आक्षेप घेतला व आपला बचाव इंग्रजीत स्वतःच मांडला. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ही शिक्षा त्यांनी मंडाले येथे भोगली.

गिरणगावाचा प्रतिसाद :

या निकालाला परळ, लालबाग परिसरातील गिरणी कामगारांनी कृतीने उत्तर दिले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक याप्रमाणे सहा दिवस त्यांनी संप पुकारला. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, कामगारांचे बळी गेले. सरकारी भाषेत ही ‘दंगल’ होती. लेनिनने १९०८ मधील एका लेखात मात्र हिंदी कामगारवर्गाच्या राजकीय जागृतीचा पुरावा म्हणून तिची नोंद घेतली. या दोन्ही वर्णनांत कामगार समूहरूपानेच येतो. ज्यांनी सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडले, त्या व्यक्ती अनामच राहतात. टिळकांची थोरवी सांगताना या मौनाची दखल घेणे आवश्यक आहे, कारण ‘लोकमान्य’ या बिरुदातील ‘लोक’ म्हणजे हीच माणसे होत.

निंदेचे बिरूद :

लंडनच्या ‘द टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या ग्रंथात टिळकांना हिंदी ‘अनरेस्ट’चे खरे जनक ठरविले. त्यांचा उद्देश दोषारोपाचा होता. टिळकांनी लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९१९ मध्ये ते तो हरले आणि त्यांच्यावर खर्चाचा मोठा बोजा पडला. न्यायालयात गेलेली बाजी मराठी भाषेने मात्र जिंकली. ‘अनरेस्ट’ म्हणजे अशांतता, अस्वस्थता. अशांतता माजवणारा हा शांततेचा शत्रू ठरतो. मराठीत रूढ झालेला ‘असंतोष’ हा शब्द वेगळा आहे. असंतोषाला कारण असावे लागते आणि ते कारण शोधू गेल्यास बोट राज्यकर्त्यांकडे वळते. ‘जनक’ या आदरार्थी शब्दानेही आरोपाची धार नाहीशी केली. परिणामी ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे आरोपपत्र न राहता गौरवपर बिरूद झाले आणि शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. इंग्रजी कायद्याने ज्या मनोवृत्तीला अपराध मानले, तिलाच मराठीने राष्ट्रकार्याचा दर्जा दिला.

समारोप :

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. गिरगाव चौपाटी ही स्मशानभूमी नसतानाही लोकाग्रहास्तव तेथे अंत्यसंस्कार झाले; पुढे त्याच जागी त्यांचा पुतळा उभा राहिला. १९५६ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या हस्ते उच्च न्यायालयात स्मृतिफलकाचे अनावरण झाले. १९०८ मध्ये निकालानंतर टिळकांनी त्याच न्यायालयात काढलेले उद्गार त्या फलकावर कोरलेले आहेत. ते इंग्रजीत आहेत. परंतु ते ना अनुवादकाचे, ना पत्रकाराचे, ना न्यायाधीशाचे. ज्या भाषेत इतरांनी टिळकांचे वर्णन केले, त्याच भाषेत तेथे ते स्वतः बोलतात. परळ-लालबागच्या त्या संपकऱ्यांच्या वाट्याला असा फलक आला नाही. त्यामुळे वीरपुरुषांच्या इतिहासाचा अभ्यास करताना वर्णन कोणी केले, कोणत्या भाषेत केले आणि त्यात कोणाचे नाव राहून गेले, हे तिन्ही प्रश्न एकत्रितपणे विचारणे इष्ट ठरते.