मोटरच्या सायकलीचा पुढचा चिमटा : बदलाची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

सायकलीला मोटर बसवली की वेग आणि वजन वाढते. सांगाडा मात्र पायांच्या ताकदीसाठी बेतलेलाच राहतो. जपानमध्ये हा पेच जुना आहे. सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली हामामात्सूत लष्कराच्या शिलकी इंजिनांवर धंदा उभारला, तेव्हा ती इंजिने साध्या सायकलींवरच चढत. आपल्याकडची ‘लुना’ १९७२ साली आली ती मुळातच मोपेड म्हणून. घरी मोटर बसवणारा आजही पहिल्या वाटेनेच जातो आणि लवकरच पुढचा चिमटा बदलायला निघतो.

जपानच्या कोबे शहरात या प्रश्नाला उताराची धार आहे. समुद्र आणि रोक्को डोंगर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर वसले आहे. लोक दिशाही ‘डोंगराची बाजू’, ‘समुद्राची बाजू’ अशाच सांगतात. रोक्कोचे शिखर ९३१ मीटर उंच आहे. स्वारासह ११० किलोंची सायकल तेवढी खाली उतरते तेव्हा सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, आणि सावकाश उतरताना तिचा मोठा वाटा ब्रेकच्या माथी येतो. म्हणून येथे चिमट्याची निवड धक्क्यांवरून न करता ब्रेकवरून करावी, हा या विवेचनाचा सिद्धांत.

२. मापांची जुळणी

चिमट्याची नळी सांगाड्याच्या पुढच्या नळीत, म्हणजे हेड ट्यूबमध्ये, बसते म्हणून तो चिमटा चालतोच असे नाही. १ इंची नळीचा बाह्य व्यास २५.४ मिमी असतो, पण हेडसेटचा, म्हणजे हेड ट्यूबमधल्या छऱ्यांच्या जोडणीचा, खालचा कोन (कडी) जिथे ठोकून बसवतात ती बैठक जपानी मानकात २७.० मिमी आणि आंतरराष्ट्रीय मानकात २६.४ मिमी असते. हेड ट्यूबमधल्या वाट्यांतही ३०.० आणि ३०.२ मिमी असा फरक आहे. जपानी घरगुती सायकलीवर परदेशी चिमटा चढवताना नेमकी येथे फसगत होते. कोन सैल बसला तर प्रत्येक ब्रेकला छर्‍यांवर ठोके पडतात; हॅण्डल आवळून तो दोष जात नाही. याखेरीज नळीची लांबी, आट्या, आसाची १०० मिमी रुंदी आणि टायरला मोकळी जागा हे सारे मोजूनच खरेदी करावी.

३. भूमिती

हेड ट्यूबची रेषा जमिनीला जिथे भेटते आणि टायर जिथे टेकतो, त्यांतले अंतर म्हणजे ट्रेल. सायकलीची सरळ चालण्याची वृत्ती बरीचशी यावर ठरते. चाकाची त्रिज्या ३३० मिमी, हेड ट्यूबचा कोन ७१ अंश आणि चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिमी असेल, तर ट्रेल सुमारे ६६ मिमी येतो. ४० मिमी लांब चिमटा बसवला की कोन साधारण २ अंशांनी कलतो आणि ट्रेल ७८ मिमीच्या आसपास जातो. हॅण्डल जड होते, पेडलही जमिनीपासून वर उचलले जाते.

४. बल

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. वरच्याच सायकलीला दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने थांबवायचे, तर रस्त्यावर ५५० न्यूटन बल लागते. त्याच क्षणी जवळजवळ सगळे वजन पुढच्या चाकावर येते. १६० मिमीच्या डिस्कवर पॅडपाशी हे बल चौपटीहून वाढते, म्हणजे २,४०० न्यूटनांच्या घरात जाते, आणि तेही चिमट्याच्या एकट्या डाव्या पायावर. म्हणून डिस्कसाठी न घडवलेल्या चिमट्यावर कॅलिपरची पट्टी वेल्ड करणे त्याज्य समजावे.

मोटर पुढच्या हबमध्ये असेल तर आणखी एक बल येते. ४० न्यूटन-मीटरचा पीळ आसाच्या १० मिमी चपट्या भागावर पेलायचा, तर चिमट्यातल्या आसाच्या खाचेच्या कडांवर हजारो न्यूटनांचा रेटा पडतो. अ‍ॅल्युमिनियमची खाच त्याखाली फाकते वा तडकते. पोलादी चिमटा आणि पीळ धरणारी टॉर्क आर्म, ही जोडी येथे अनिवार्य आहे.

५. पूर्वपक्ष

माउंटन बाइकचा सस्पेन्शन चिमटा धक्के गिळतो, मग तोच सुरक्षित नाही का? खड्ड्यांच्या रस्त्यावर हा युक्तिवाद वजनदार ठरेल. कोबेच्या डांबरी उतारावर मात्र ब्रेक दाबताच असा चिमटा खाली बसतो, हेड ट्यूबचा कोन उभा होतो आणि ट्रेल घटतो. स्थैर्य हवे त्याच क्षणी ते कमी होते. तो लांबीलाही बहुधा जास्त असतो, त्यामुळे तिसऱ्या कलमातला दोषही पदरी पडतो.

६. कायद्याची चौकट

जपानमध्ये पेडल न मारता मोटरवर धावणारी सायकल कायद्याने सायकल राहत नाही. तिला सामान्यतः नंबर प्लेट, परवाना, हेल्मेट आणि सक्तीचा विमा लागतो. ५० सीसीपर्यंतच्या वर्गाला ताशी ३० किमीची मर्यादा आहे. केवळ पायांना साथ देणाऱ्या मोटरची मदत ताशी २४ किमीला शून्यावर यावी लागते. कोबे ज्यात येते त्या ह्योगो प्रांताने तर २०१५ साली साध्या सायकलस्वारांनाही विमा सक्तीचा केला. चिमटा बदलताना ब्रेक, दिवे आणि आरसा नियमाप्रमाणे परत बसले आहेत ना, हे पाहणे म्हणूनच कामाचा भाग आहे.

७. निष्कर्ष

जुन्या चिमट्याइतक्याच लांबीचा, कोनाच्या बैठकीला तंतोतंत जुळणारा, कारखान्यातच डिस्कची बैठक घडवलेला पोलादी चिमटा हीच योग्य निवड. बसवल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हेडसेटमध्ये खडखड जाणवली तर रस्त्यावर काढू नये. आधी सपाटीवर थांबवून पाहावे, सर्व नट पुन्हा आवळावेत, मगच डोंगराच्या बाजूला जावे.