नळी, काच आणि पेटी
दिघ्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या उड्या मारतात. पण या गढूळ पाण्यात तोंड घालून काही दिसायचं नाही. मासा जिवंत, त्याच्याच घरात पाहायचा तर दिघेकराने ठाण्याहून कोकणची गाडी धरावी, कुडाळला उतरावं आणि मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतला पोरगा तोंडात नळी देतो, डोळ्यांवर काच चढवतो आणि जलबंद पेटीतला कॅमेरा घेऊन स्वतः पाण्यात उतरतो. या तिन्ही वस्तूंची कुळं वेगवेगळी आहेत.

नळी सर्वांत जुनी. हत्तीच्या सोंडेविषयी लिहिताना अ‍ॅरिस्टॉटलने पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाचा दाखला दिला, तो इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. नळी आजही आखूडच आहे, कारण थोडं खोल गेलं तरी पाण्याच्या दाबाने छाती फुगेनाशी होते. काचेचं काम डोळ्यांपुढे हवा राखण्याचं. पाणी थेट बुबुळाला लागलं की सगळं धूसर होतं.

पेटीची गोष्ट मात्र सवडीने सांगावी अशी. १८५६ मध्ये इंग्लंडात विल्यम थॉम्पसनने वेमथजवळच्या समुद्रात होडीतून कॅमेरा खाली सोडला होता. तो स्वतः वरच राहिला. पाण्यात उतरला लुई बुताँ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्सच्या प्रयोगशाळेत तो शिंपल्या-गोगलगाईंच्या वर्गातले प्राणी अभ्यासत होता. १८९३ मध्ये भावाच्या मदतीने त्याने कॅमेऱ्यासाठी जलबंद पेटी करवून घेतली आणि पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तळाशी गेला. एका चित्राला कधीकधी अर्धा तास लागे. उजेड कमी पडला तेव्हा पाण्याखाली मॅग्नेशियम जाळण्याची सोयही केली. समुद्री जीव म्हणजे बरणीतलं मेलेलं शरीर, अशा काळात त्याला तळावरचं दृश्य जसंच्या तसं हवं होतं. म्हणून या कुळाचा मूळपुरुष मी त्यालाच मानतो.

पुढे १९२६ मध्ये मत्स्यतज्ज्ञ लाँगली आणि छायाचित्रकार मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ माशाचं रंगीत चित्र टिपलं. त्यासाठी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली. मग समुद्र-संशोधक कुस्तोसाठी बेल्जियन अभियंता दी वाउटर्सने ‘कॅलिप्सो’ कॅमेरा घडवला. त्याला वेगळी पेटीच नको होती. १९६३ मध्ये त्यावरूनच ‘निकोनॉस’ आला आणि हौशी पोहणाऱ्याच्याही हातात पाण्याखालचा कॅमेरा पडला.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे; एक पाय पडला तरी वर्षानुवर्षांची वाढ मोडते. दिघ्याहून जाल तेव्हा पावसाळा टाळा, प्रवाळावर उभे राहू नका, फोटोत मासे जवळ यावेत म्हणून त्यांना पाव टाकायला सांगू नका. होडीवाल्याने आपणहून टाकला, तर त्यालाही थांबवा.