शब्दांचं चिलखत

सध्याचं पोस्टिंग जबलपूर. तोफांचे गाडे बनवणारा कारखाना इथे १९०४ पासून आहे, खमरियाला दारूगोळा तयार होतो आणि ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटरही इथेच आहे. शहराजवळ, बरेल्याच्या बाजूला नर्रई आहे. तिथे जून १५६४ मध्ये राणी दुर्गावती मोगल सरदार आसफखानाशी लढली. एक बाण तिच्या कानशिलात लागला, दुसरा मानेत. शत्रूच्या हाती जिवंत सापडायचं नाही म्हणून तिने स्वतःच कट्यार चालवली.

कानशील आणि मान. लोखंड सगळं अंग झाकू शकत नाही, जिरेटोप आणि चिलखत यांच्यात कुठेतरी फट राहतेच. जगभरच्या शिपायांनी ती फट शब्दांनी बुजवायचा प्रयत्न केला.

हिंदुस्थानात सुलतानांच्या काळात, पंधराव्या शतकात आणि सोळाव्याच्या सुरुवातीला, अख्खं कुराण लिहिलेले सुती सदरे तयार होत. असा एक सदरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आखलेल्या चिमुकल्या चौकटींत बारीक अक्षरांतली वचनं आणि काठाने सोनेरी अक्षरांत अल्लाहची ९९ नावं. शाईने लिहिलेला सदरा धुता येत नाही. तो रोज वापरायचा कपडा नव्हेच. पुढे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या पोलादी पत्र्यांवरही, म्हणजे ‘चार-आईना’ चिलखतावर, कुराणातली वचनं कोरली जाऊ लागली.

तुर्कस्तानात अशा सदऱ्यांचा मोठा संग्रह इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यांवर वचनांसोबत आकड्यांचे चौकोनही असतात. आपल्याकडचं पंधरिया यंत्र आठवा: नऊ घरं, कुठूनही बेरीज करा, पंधराच. तोच चौकोन अरबी ताइतांमध्येही आहे. ‘ताईत’ हा आपला शब्द मुळात अरबी ‘तावीझ’वरून आलेला. आणि तिन्हीसांजेला घरोघरी म्हटली जाणारी रामरक्षा तरी काय करते? डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं नाव घेऊन त्यावर पहारा बसवते. आपण ते कवच म्हटलं, त्यांनी लिहून अंगात घातलं.

हे सदरे घरच्यांच्या काळजीतूनही येत. हुर्रेमने मोहिमेवर असलेल्या सुलतान सुलेमानाला पत्रासोबत असा सदरा पाठवला आणि माझ्यासाठी तो घाला, अशी विनवणी केली. सरहद्दीवर पार्सल उघडलं की लाडवांच्या डब्याखाली अंगाऱ्याची पुडी सापडते. पाठवणारी बाई वेगळी, जीव तेवढाच टांगलेला.

सदऱ्याने काम केलं का? शाहजादा जेमचा सदरा १४७७ ते १४८० अशी तीन वर्षं तयार होत होता. १४८१ मध्ये गादीच्या लढाईत तो भावाकडून हरला आणि १४९५ मध्ये परमुलखात, कैदेतच वारला. शाईने तलवार अडत नाही. हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार, घालणाऱ्याला तर नक्कीच. नाहीतर त्यावर चिलखत कशाला चढवलं असतं?

आजही तसंच आहे. बुलेटप्रूफ जॅकेटची प्लेट कुठे संपते ते प्रत्येक जवानाला बोटाने दाखवता येतं. त्याच जॅकेटच्या आत कुणाचा ताईत असतो, कुणाचा गंडा, कुणाचा गुटका, कुणाच्या मुलीचा फोटो. पेट्रोलला निघताना प्लेट, मॅगझिन, पाणी सगळं तपासलं जातं. ही वस्तू मात्र कुणी तपासत नाही आणि कुणी कुणाला हसतही नाही. ग्रेनेडियर्समध्ये हिंदू आणि मुसलमान जवान एकाच रेजिमेंटमध्ये असतात आणि युनिटच्या सर्वधर्मस्थळात पंडितजी आणि मौलवीसाहेब शेजारी बसतात. शेजारच्याच्या खिशात काय आहे ते न विचारता त्याच्या डाव्या बाजूने चालत राहणं, हे आम्हाला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. माजी सैनिकांनी आपापला खिसा आठवून पाहावा.